हा दोष टाकसाळीतला की खिशातला?

प्रश्न असा आला आहे: घरातल्या जुन्या डब्यात तीन नाणी सापडली. एकावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. दुसऱ्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही. तिसऱ्यावर चेहऱ्यावरून थेट कडेपर्यंत एक रेघ गेली आहे. यांतलं टाकसाळीत चुकलेलं कोणतं, नंतर बिघडलेलं कोणतं, आणि हे आपलं आपल्याला कसं ओळखता येईल? शेवटी एक पुस्ती जोडली आहे: "थोडं घासून लख्ख केलं तर नीट दिसेल का?"

पुस्तीचं उत्तर आधी देतो. बाकीचं उशिरा कळलं तरी चालेल, हे नाही. घासू नका. टूथपेस्ट नाही, खोडरबर नाही, भांडी घासायची पूड नाही, मऊ फडकंसुद्धा नाही. नाण्यावर ठोका पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि वाहताना पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म रेषा उमटतात. नवं नाणं दिव्याखाली तिरपं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, ते या रेषांमुळे. नाण्यावर नंतर कोणी हात चालवला आहे का, याचा सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे हे फिरणारे पट्टे. घासलं की साक्षीदार गेला, आणि तो परत येत नाही. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण ती चमक एकाच जागी बसून राहते, फिरत नाही.

आता मूळ मुद्दा. एरर नाणं, म्हणजे टाकसाळीतच चुकून घडलेलं नाणं, शोधणारे बहुतेक जण "हे काहीतरी वेगळं दिसतंय" इथून सुरुवात करतात. गाडीच्या चाकाखाली आलेलं नाणंही वेगळंच दिसतं. विचारायचं ते असं: नाणं घडण्याच्या कोणत्या पायरीवर हे होऊ शकलं असतं? पायरी सांगता आली, आणि तिथे हे घडलं असतं तर नाण्यावर आणखी कुठे काय दिसायला हवं तेही सापडलं, तर ते एरर. पायरीच सापडत नसेल तर ती इजा, मग दिसायला ती कितीही अजब असो. दाखवायला म्हणून माझ्यापुढे येणाऱ्या नाण्यांतली बहुतेक दुसऱ्या खात्यात जातात. आणणाऱ्याचा चेहरा उतरतो, पण इलाज नाही.

म्हणून घडण्याची वाट एकदा डोळ्यांसमोर आणा. धातूचा पट्टा लाटून ठरलेल्या जाडीचा करतात. त्यातून गोल चकत्या कापतात. चकत्या तापवून मऊ करतात, धुतात, मग एका यंत्रातून घरंगळत नेऊन त्यांची कड चहूबाजूंनी दाबून जराशी उचलतात. ही तयार चकती दोन डायच्या, म्हणजे चित्र कोरलेल्या पोलादी ठशांच्या, मध्ये येते. एक डाय छाप्याचा, एक काट्याचा. भोवती कॉलर नावाचं कडं असतं. ठोका बसला की धातू डायच्या खोलगट भागांत शिरतो आणि कॉलरला भिडतो. दातेरी कड असेल तर तिचे दाते कॉलरमुळेच उमटतात. सगळे खरे दोष या वाटेवर तीनच ठिकाणी जन्मतात: चकतीत, डायमध्ये किंवा ठोक्यात. एक गोष्ट मात्र कायम मनात ठेवा. डायवर जे खोल ते नाण्यावर उंच, आणि डायवर जे उंच ते नाण्यावर खोल. अर्ध्याहून जास्त निवाडे एवढ्यावर होतात.

साधनं फार लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायला कॅलिपर, एक लोहचुंबक आणि हलवता येईल असा एकच दिवा. दिवा एकच हवा. खोलीतल्या चार दिव्यांत उंच-खोल कळत नाही. कॉम्प्युटरला जोडायचा सूक्ष्मदर्शक घ्यायची घाई करू नका. दोनशेपट मोठं केलं की प्रत्येक नाणं एररच वाटायला लागतं. आणि मोबाइलचा फोटो आकार अधिक रेखीव करण्याच्या नादात कडांना खोटी दुहेरी रेघ काढतो, हे निम्म्या "डबल डाय" (दुहेरी चित्राच्या) नाण्यांचं रहस्य आहे.

आधी दुसरं नाणं घेऊ, तुकडा नसलेलं. हा प्रकार मला शिकवायला फार आवडतो, कारण इथे नाणं स्वतःच खरं-खोटं सांगतं. पट्ट्यातून चकत्या कापताना पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर थोडी चढते. मग त्या चकतीला चंद्रकोरीसारखा गोलसर काप राहतो. हे सगळं ठोका बसायच्या आधी झालं, हे लक्षात घ्या. आता ही अपुरी चकती कड उचलणाऱ्या यंत्रात जाते. ते यंत्र चकतीला समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबतं. एका बाजूला काप असेल तर तिथे दाबायला धातूच नाही. म्हणून नेमक्या समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड नीट उचलली जात नाही. परिणाम: कापाच्या अगदी समोर, म्हणजे काप घड्याळातल्या दोनवर असेल तर आठवर, नाण्याची कड पुसट किंवा गायब दिसते. जाणकार याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात.

मागे एकाने दोन नाणी आणली होती, दोन्हींना सारखाच काप. बघताक्षणी दोन्ही जुळी. पहिलं हातात घेतलं, काप वर धरला आणि नजर सरळ खाली नेली. खालची कड एक बोटभर रुंदीत मंद होत जाऊन जवळपास सपाट झाली होती आणि पुन्हा हळूहळू उभी राहत होती. मग कापाजवळची अक्षरं पाहिली. ती कापाकडे जाताना ताणली गेली होती, पसरट, थोडी विरघळल्यासारखी. कारण ठोका बसला तेव्हा त्या बाजूला धातूला अडवणारं काही नव्हतं, तो मोकळ्या जागेकडे वाहिला. दुसरं नाणं तसंच धरलं. खालची कड खणखणीत, पूर्ण. कापाजवळचं अक्षर मधूनच तुटलेलं, सुरीने कापावं तसं. आणि कापाच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना समांतर बारीक ओरखडे, कानशीचे. पहिलं टाकसाळीतलं, दुसरं कोणाच्या तरी कामाच्या टेबलावरचं. विकणाऱ्याने दोन्ही एकाच भावाने दिली होती. त्यालाही फरक माहीत नसावा, असं समजून घेतो.

फार लहान किंवा सरळ रेषेतल्या कापात समोरची पुसट कड नेहमी दिसेलच असं नाही, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नका. पण कापाची गोलाई नाण्याच्या गोलाईशी साधारण जुळते का ते बघाच. तो काप शेजारच्या चकतीच्या भोकाचा, म्हणजे जवळपास त्याच व्यासाचा असतो. कापाची गोलाई एखाद्या छोट्या ड्रिलसारखी असेल तर गोष्ट तिथेच संपते.

पहिलं नाणं, दुहेरी आकड्यांचं. यावर सर्वात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

खरा डबल डाय डायमध्ये असतो, ठोक्यात नाही. डाय तयार करताना उठावाचं चित्र असलेला हब त्याच्या पोलादात दाबतात. पूर्वी एका दाबात पुरेसं खोल चित्र उमटत नसे. पोलाद कडक व्हायचं, मग ते पुन्हा तापवून मऊ करून दुसऱ्यांदा दाबायचे. दुसऱ्या वेळी हब किंचित फिरलेला असला की डायवरच दोन चित्रं बसायची. त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर मग तोच दुहेरीपणा, त्याच जागी, त्याच मापाचा. सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९५५ चं अमेरिकी एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चूक लक्षात येईपर्यंत ही नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती. ती निवडण्यापायी सगळाच ढीग वितळवण्यापेक्षा तशीच सोडून दिली गेली. सुमारे २० ते २४ हजार बाहेर पडली असं मानतात. त्यावरचं साल आणि अक्षरं साध्या डोळ्यांनी दोन-दोन दिसतात, काट्याची बाजू मात्र एकेरीच आहे. याची नकली नाणीही भरपूर निघाली. अस्सल नाण्याच्या काट्यावर सेंट या शब्दातल्या टी अक्षराच्या डावीकडे दोन बारीक रेघा असतात, डायवरच्या ओरखड्याच्या. म्हणजे छाप्यावरच्या चुकीची साक्ष काट्याच्या बाजूला!

खऱ्या दुहेरीत दोन्ही आकडे गोलसर, पुऱ्या उंचीचे असतात. मधली फट दिसते, टोकांना मासळीच्या शेपटीसारखी फूट दिसते आणि आकडा एकंदरीत जाड झालेला असतो, कारण त्यात भर पडलेली आहे.

आता याचा बहुरूपी भाऊ. ठोका बसल्यावर, डाय नाण्यावरून सुटता सुटता सैल डाय किंचित थरथरला, तर तो ताज्या अक्षराची कड खरवडून बाजूला ढकलतो. याला मशीन डबलिंग म्हणतात. इथे नवा धातू आला नाही, आहे तोच सरकला. म्हणून मूळ आकडा उलट बारीक होतो आणि त्याच्या बाजूला एक सपाट, चकचकीत, बुटकी पायरी दिसते, जवळजवळ मोकळ्या पृष्ठभागाला टेकलेली. भिंगाखाली मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आकड्यात भर पडली आहे की आकड्यातून वजा झालं आहे? भर असेल तर पुढे बघायचं. वजा असेल तर नाणं डब्यात परत. टाकसाळीतच घडलं असलं तरी मशीन डबलिंग इतकं सर्रास आहे की संग्रहाच्या दृष्टीने त्याला मोल नाही.

तिसरा प्रकार म्हणजे झिजलेला डाय. हजारो ठोक्यांनंतर डायवरच्या अक्षरांच्या कडा गळून जातात आणि नाण्यावर अक्षराभोवती धुरकट सावली उमटते. आसपासचा पृष्ठभागही संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. १९५५ च्याच सेंटमध्ये शेवटच्या पाचाला अशी सावली असलेली नाणी पुष्कळ आहेत. संग्राहकांनी त्याला "गरिबाचा डबल डाय" असं नाव ठेवलं आहे. थट्टेने ठेवलेलं नाव, पण कैक जण ते ऐकून गंभीरपणे पैसे मोजतात.

तुमच्या वर्णनावरून, आणि हे न पाहता बोलतोय, मला पहिलं नाणं मशीन डबलिंगचं वाटतं; कारण तुम्ही लिहिलंय की दुसरा आकडा "चपटा आणि जास्त चमकणारा" आहे. तरीही ती बुटकी पायरी आहे का ते तिरप्या उजेडात तपासा.

तुम्ही विचारलं नाही, पण लवकरच विचाराल असा विषय म्हणजे चुकीच्या धातूचं नाणं. इथे डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका, वजनकाट्यावर ठेवा. १९४३ साली युद्धामुळे तांबं वाचवायचं म्हणून अमेरिकेने एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर काढलं. आधीच्या वर्षाच्या काही थोड्या तांब्याच्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या आणि त्यांच्यावर १९४३ चा ठोका पडला. ही नाणी अत्यंत दुर्मिळ. साहजिकच लोकांनी पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा दिला. ते चुंबकाला लगेच चिकटतं. त्याहून चलाख लोकांनी १९४८ च्या आठाची डावी बाजू खरवडून तीन केला; तो चुंबकाला फसवतो आणि वजनाच्या परीक्षेतही उतरतो, पण भिंगाखाली तीनाचा आकार आणि शेजारचा खरवडलेला पृष्ठभाग उघडा पडतो. पोलादी नाणं २.७ ग्रॅमचं, तांब्याचं ३.११ ग्रॅमचं. पुढे १९८२ मध्ये तोच देश तांब्यावरून तांबं चढवलेल्या जस्तावर गेला आणि त्या एका वर्षात दोन्ही प्रकार निघाले: ३.११ ग्रॅम आणि २.५ ग्रॅम. रंगावरून कोणीही सांगू शकत नाही, वजनकाटा दोन सेकंदांत सांगतो. या जस्ताच्या नाण्यांवर मुलाम्याखाली हवा अडकून फोड येतात, त्यांना एरर समजून जपून ठेवणारेही भेटतात. ते फक्त फोड असतात.

वेगवेगळ्या धातूंचे थर जोडून केलेल्या नाण्यात एक बाजू तांब्याच्या रंगाची दिसली तर वरचा थर बसायचाच राहिला असेल, किंवा नुसता डाग असेल. थर खरोखर नसेल तर वजन ठळकपणे कमी भरेल. वजन बरोबर असेल तर तो रंग नंतरचा.

वजनावर मी स्वतः एकदा आपटलो आहे. सुरुवातीच्या काळात एक नाणं घेतलं, वजन नेहमीपेक्षा जवळपास सहाव्या हिश्शाने कमी. मी आनंदाने ठरवून टाकलं की ते दुसऱ्या, हलक्या नाण्याच्या चकतीवर ठोकलं गेलं आहे. विकणाराही तेच म्हणत होता, आणि मला तेच ऐकायचं होतं. काही महिन्यांनी शांतपणे पाहिलं तेव्हा लक्षात आलं: नाणं लहान होतं, पातळ होतं, पण त्यावरचं चित्र पूर्ण होतं. लहान चकतीवर मोठ्या नाण्याचा डाय पडला तर चित्र कडेला कापलं जातं. चित्र आक्रसत नाही. माझ्या नाण्यावर एकही अक्षर कापलेलं नव्हतं, फक्त सगळी अक्षरं सारखीच बोथट होती, कडेचे दाते विरून गेले होते आणि पृष्ठभागावर बारीक रवाळपणा होता. कोणीतरी ते आम्लात बुडवून ठेवलं होतं. आम्ल सगळीकडून सारखं खातं. ते नाणं आजही माझ्याकडे आहे. नवीन माणूस आला की आधी तेच हातात देतो.

असाच दुसरा सापळा शिकंज्याचा. ब्रॉकेज नावाचा खरा दोष असा असतो: ठोकलेलं नाणं डायला चिकटून राहतं, खाली नवी चकती येते, आणि डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच ठोका तिच्यावर पडतो. मग एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याच चित्राचं उलटं, खोलगट प्रतिबिंब. घरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळली तरी उलटं, खोलगट चित्र उमटतं, त्यामुळे "आरशातलं चित्र आहे, म्हणजे खरं" हा पुरावा चालत नाही. फरक खाली शोधा. शिकंज्यात आवळलेलं नाणं आधीच पूर्ण ठोकलेलं होतं, म्हणून खोलगट चित्राच्या आजूबाजूला त्या बाजूचं मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत शिल्लक राहतं. दाब बसल्याने दोन्ही बाजूंचे उंच भाग सपाट होतात. पूर्ण ब्रॉकेजमध्ये खाली काही शिल्लक नसतं, कारण त्या बाजूला डाय कधी लागलाच नव्हता.

काही गोष्टी झरझर सांगतो. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं जवळजवळ नेहमी जादूगारांसाठी बनवलेलं असतं: एक नाणं लेथवर पोखरून त्यात दुसऱ्याचा अर्धा भाग बसवलेला. कडेच्या आतल्या अंगाला भिंगाने गोल सांधा सापडतो, आणि टेबलावर टाकलं तर आवाज बद्द येतो. वाळवणी यंत्राच्या ड्रममध्ये अडकून महिनोन् महिने आपटत राहिलेल्या नाण्याची कड आत वळून जाड होते. त्याला "जाड कडेचं दुर्मिळ नाणं" म्हणून खपवतात. नाण्यांच्या वळकट्या बांधणारं यंत्र कधी कधी नाण्यावर गोल ओरखडा पाडतं. छापा आणि काटा एकमेकांना उलटे दिसले म्हणून डाय फिरला असं समजू नका: अमेरिकेची नाणी मुळातच १८० अंशांत उलटी असतात, ब्रिटनची सरळ. त्याच प्रकारची आणखी दोन-चार नाणी शेजारी ठेवून मगच बोला. अक्षर गायब असेल तर बहुधा डायच्या त्या खोबणीत ग्रीस साचलेलं असतं. तिथला पृष्ठभाग मऊ, धूसर आणि बाकीच्याच पातळीत दिसतो. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी किंचित खड्डा आणि हत्याराचे ओरखडे असतात. साचलेलं ग्रीस कधी कधी अक्षराच्याच आकाराचा गोळा होऊन सुटतं आणि पुढच्या नाण्यावर पडून तिथे खोलगट अक्षर उमटवतं. असं नाणं मी आयुष्यात एकदाच हातात घेतलंय, आणि अर्धा तास खाली ठेवलं नाही.

दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू एकत्र येणं, म्हणजे म्यूल, हा मात्र खरा राजेशाही दोष. २००८ मध्ये ब्रिटनने २० पेन्सचं रूप बदललं आणि साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेलं. नव्या काट्याबरोबर जुन्या छाप्याचा डाय लागला आणि साल कुठेच नसलेली नाणी चलनात गेली. तिथल्या टाकसाळीने, रॉयल मिंटने, ती चूक मान्य केली. २००० मध्ये अमेरिकेत एक डॉलरच्या चकतीवर क्वार्टरचा (पाव डॉलरचा) छापा आणि डॉलरचा काटा असं नाणं निघालं. अशा नाण्यात दोन्ही बाजू आपापल्या परीने अगदी निर्दोष असतात, म्हणूनच ती हातातून निसटतात.

रंगाबद्दल थोडंसं. चांदीवर हवेतल्या गंधकाने पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो: आधी फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. नैसर्गिक रंग याच क्रमाने एकमेकांत मिसळत जातात. निळा एकदम सुरू होऊन एकदम संपत असेल, पिवळ्याचा पत्ताच नसेल, तर कोणीतरी घाई केली आहे. रंग एरर नसतो, कितीही सुंदर असला तरी. हिरवा चिकट थर बहुतेक वेळा पीव्हीसीच्या पाकिटातून येतो. शुद्ध अॅसिटोनमध्ये नुसतं बुडवून ठेवलं, चोळलं नाही, तर तो निघतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. तांब्या-काशावर फिकट हिरवी भुकटी पडत असेल तर ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. तो क्षार धातू पोखरत राहतो आणि दमट हवेत थांबत नाही.

आणि हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांना यातलं काहीच लावू नका. तिथे कॉलर नव्हती, चकती हाताने कापलेली, ठोका माणसाचा. चित्र एका बाजूला सरकणं, कड फाटणं, दोनदा ठोका बसणं हे त्यांचं नेहमीचं रूप आहे. जुन्या रुपयांवरचे सराफांचे छोटे छाप किंवा चांदीच्या व्यापारी डॉलरवरचे चिनी शिक्के हे नंतरचेच, पण त्यांना इजा म्हणून हिणवू नये. तो त्या नाण्याच्या प्रवासाचा दाखला आहे. युरोप-अमेरिकेच्या अठराव्या शतकातल्या काही चांदीच्या नाण्यांवर कानशीच्या समांतर रेघा दिसतात, त्या तर टाकसाळीतल्याच. चकती वजनाला जड भरली की ठोक्याआधी तिला कानस लावत. चित्राच्या उंच भागावर, जिथे ठोक्याचा दाब पुरेसा पोहोचला नाही, तिथे त्या रेघा उरलेल्या दिसतात.

राहिलं तिसरं नाणं, रेघेचं. याचा निकाल मला दुरून देता येणार नाही, तुम्हालाच द्यायचा आहे. आधी रेघ उंच आहे की खोल ते ठरवा. फोटोवरून ठरवू नका. उजेड कुठल्या बाजूने आला यावर डोळा उंचाला खोल समजतो. नाणं हातात धरून दिवा एका बाजूला ठेवा, रेघेची कुठली कड उजळते ते बघा. मग त्याच दिव्यात शेजारचं एखादं अक्षर बघा, जे उंच आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोघांची सावली एकाच बाजूला पडत असेल तर रेघ उंच.

खोल असेल तर तिच्या दोन्ही काठांना नांगराच्या तासासारखा धातू वर आलेला दिसतो का पाहा. दिसला, आणि रेघ उंच भागावर ठळक व खड्ड्यात तुटक असेल, तर तो साधा ओरखडा. काठ मऊ, गोलसर असतील आणि रेघेच्या तळाशीही बाकी नाण्यासारखीच चमक असेल, तर ठोक्याच्या वेळी मध्ये तार किंवा धागा आला असू शकतो. ते जपून ठेवण्यासारखं आहे.

उंच असेल तर दोन शक्यता. मोकळ्या जागेत अनेक बारीक, समांतर उंच रेषा असतील आणि त्या अक्षरापाशी येऊन थांबून पलीकडे पुन्हा सुरू होत असतील, तर डाय पॉलिश करताना पडलेल्या त्या रेषा. नाण्याची मोकळी जागा म्हणजे डायचा सर्वात उंच भाग. पॉलिशचा दगड तिथेच घासतो, अक्षरांच्या खोबणीत उतरत नाही. नाणं घासल्याने पडणारे ओरखडे नेमके उलट, ते अक्षरांवरूनही बेधडक जातात. पॉलिशचा अतिरेक काय करतो ते १९३७ च्या डेन्व्हर टाकसाळीतल्या पाच सेंटच्या गव्याच्या नाण्याने दाखवलं: दोन डाय एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा काढताना गव्याचा पुढचा एक पायच घासला गेला. आजही लोक साध्या नाण्यावरचा पाय खरवडून तीन पायांचा गवा बनवतात, पण अस्सल नाण्यावर पोटाखालून जमिनीकडे उंच ठिपक्यांची एक तुटक ओळ उतरते, ती त्यांना बनवता येत नाही.

एकच, वेडीवाकडी, चित्रावरून आणि मोकळ्या जागेवरून न थांबता जाणारी उंच रेघ असेल, तर डायला तडा गेला होता. तुमची रेघ कडेपर्यंत पोहोचते, हे मला आशादायक वाटतं. तडा पुढे वाढला की डायचा कडेचा तुकडाच निखळतो आणि नाण्यावर त्या जागी चित्राऐवजी उंच, बोडका गोळा येतो. तसा गोळा दिसला तर नाणं उलटून मागे नेमक्या त्याच जागी चित्र फिकट झालं आहे का बघा, कारण धातू पुढच्या पोकळीत ओढला गेलेला असतो. नंतर डाख देऊन (सोल्डरने) चिकटवलेला गोळा मागची बाजू बिघडवत नाही.

आणि त्याच डब्यात त्याच सालाची, त्याच टाकसाळीची आणखी नाणी असतील तर ती सगळी एकदा भिंगाखालून काढा. डायचा तडा एकाच नाण्यावर राहत नाही. तीच रेघ, चेहऱ्यावरून त्याच जागेवरून, कदाचित थोडी आखूड किंवा थोडी लांब, दुसऱ्या नाण्यावर सापडली की मला विचारायची गरज उरणार नाही.